चार वर्षांचे विद्यार्थी, चार शतकांची संस्था

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ १६३६ साली स्थापन झाले. त्याच वर्षी आपल्याकडे अहमदनगरची निजामशाही संपली आणि दिल्लीच्या तख्तावर शहाजहान होता. इतक्या जुन्या संस्थेसमोर विद्यार्थी म्हणजे पाहुणाच. तो पदवीसाठी चार वर्षे राहतो आणि निघून जातो. त्यामुळे विद्यार्थ्यांची मागणी टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वाट पाहणे. आज घोषणा देणारी मुले उद्या नोकरीला लागतात आणि प्रश्न आपोआप थंड होतो. हार्वर्डमध्ये २०१२ ते २०२१ या काळात मात्र तसे झाले नाही.

वाद होता विद्यापीठाच्या निधीचा. माजी विद्यार्थ्यांनी आणि दानशूरांनी पिढ्यानपिढ्या दिलेला पैसा शेअर बाजारात व इतरत्र गुंतवला जातो. मूळ रक्कम शाबूत राहते आणि उत्पन्नातून शिष्यवृत्त्या, पगार व संशोधनाचा खर्च भागतो. मुस्लिम वाचकांना ही रचना अनोळखी नाही. कायदा वेगळा असला तरी मूळ कल्पना वक्फसारखीच आहे. काहिराची अल-अझहर आणि फेजची करवीयीन शतकानुशतके वक्फच्या उत्पन्नावर चालली. मालमत्ता अमानत असते आणि मुतवल्ली तिचा मालक नसून राखणदार असतो. हार्वर्डचा निधी २०१२ मध्ये ३,००० कोटी डॉलरच्या आसपास होता. त्यातला काही भाग कोळसा, तेल आणि वायूच्या धंद्यात होता.

विद्यार्थ्यांचा प्रश्न साधा होता. हवामान बदलाचे धोके विद्यापीठाचेच प्राध्यापक शिकवतात. मग ज्या धंद्याने तो बदल घडतो, त्याच्या नफ्यावर विद्यापीठ कसे चालते? नोव्हेंबर २०१२ मध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांचे मतदान झाले. मत देणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी ही गुंतवणूक काढून घ्यावी असा कौल दिला.

विद्यापीठाच्या अध्यक्ष ड्र्यू फाउस्ट यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये नकार कळवला. त्या स्वतः नामवंत इतिहासकार. त्यांचे म्हणणे असे की निधी शिक्षणासाठी आहे, राजकीय किंवा सामाजिक बदल घडवण्याचे ते हत्यार नाही. आम्ही शेअर विकले तर दुसरे कोणी घेईल, कंपनीला फरक पडणार नाही. शिवाय ज्यांचे इंधन आपण रोज वापरतो, त्यांच्यावर बहिष्कार टाकणे विसंगत ठरेल.

हे मुद्दे पोकळ नव्हते. पण हार्वर्डचा स्वतःचाच इतिहास त्यांच्या आड येत होता. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट असताना, १९८०च्या दशकात, विद्यापीठाने तिथे व्यवसाय करणाऱ्या काही कंपन्यांचे शेअर विकले होते. १९९० मध्ये तंबाखू कंपन्यांतून पैसे काढले होते. २००५ मध्ये दारफूरमधील हत्याकांडाच्या पार्श्वभूमीवर पेट्रोचायना या कंपनीचे शेअर विकले होते आणि ती तर तेलाचीच कंपनी होती. म्हणजे निधीचा नैतिकतेशी संबंध नसतो, हा नियम हार्वर्डने आधीच अनेकदा मोडला होता. कोणते नुकसान मोजायचे आणि कोणते नाही, एवढाच प्रश्न उरत होता.

पुढची वर्षे खेटे घालण्यात गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये सात विद्यार्थ्यांनी खटला भरला. त्यात वादी म्हणून भावी पिढ्यांचेही नाव घातले होते. दावा करण्याचा अधिकारच विद्यार्थ्यांना नाही, असे म्हणत न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये तो फेटाळला. पुढच्याच महिन्यात विद्यार्थ्यांनी अध्यक्षांचे कार्यालय असलेल्या इमारतीसमोर ठिय्या दिला. तरीही निर्णय बदलला नाही. २०१२चे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले.

इथेच विद्यार्थ्यांनी संस्थेचे गणित चुकवले. बाहेर पडलेले गप्प बसले नाहीत आणि आत आलेल्या नव्या मुलांनी काम पुढे उचलले. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी हार्वर्ड आणि येल यांच्या पारंपरिक फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात दोन्हीकडचे विद्यार्थी व माजी विद्यार्थी मैदानात जाऊन बसले. खेळ जवळपास तासभर खोळंबला, अटका झाल्या. मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळे सामना संपेपर्यंत अंधारून आले. एरवी ज्यांना या प्रश्नाशी देणेघेणे नव्हते, त्यांनाही तो कळला.

फेब्रुवारी २०२० मध्ये कला व विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी १७९ विरुद्ध २० मतांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली. त्याच वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मतांवर निवडल्या जाणाऱ्या देखरेख मंडळात या मागणीचे तीन उमेदवार निवडून आले. लगोलग विद्यापीठाने नियम बदलून अशा बाहेरून अर्ज भरून येणाऱ्या सदस्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. मार्च २०२१ मध्ये विद्यार्थ्यांनी राज्याच्या महाधिवक्त्यांकडे तक्रार केली. धर्मादाय निधी त्याच्या उद्देशाला धरून व सावधपणे सांभाळणे कायद्याने बंधनकारक आहे, असा तिचा आधार होता. म्हणजे मुद्दा पुन्हा मुतवल्लीच्या जबाबदारीवरच आला.

९ सप्टेंबर २०२१ रोजी अध्यक्ष लॅरी बॅको यांनी पत्र काढले. जीवाश्म इंधनाचे नवे साठे शोधणाऱ्या वा विकसित करणाऱ्या कंपन्यांत आता थेट गुंतवणूक नाही आणि पुढेही करण्याचा विचार नाही. जुनी अप्रत्यक्ष गुंतवणूक निधीच्या २ टक्क्यांहून कमी असून तीही मुदत संपेल तशी बंद होईल. ज्या शब्दासाठी दहा वर्षे भांडण चालले, तो ‘डायव्हेस्टमेंट’ हा शब्द मात्र त्यांनी पत्रात वापरला नाही. त्याच महिन्यात बोस्टन विद्यापीठानेही जीवाश्म इंधनातून पैसे काढण्याचा निर्णय जाहीर केला.

यामुळे तेलाची एकही विहीर बंद झाली नाही, हे खरे आहे. फाउस्ट यांचा तो मुद्दा आजही उभा आहे. पण वक्फ असो की विद्यापीठाचा निधी, उत्पन्न किती आले एवढाच हिशेब राखणदाराने द्यायचा नसतो. ते कुठून आले, हेही सांगावे लागते. हा प्रश्न लाभार्थ्यांनी विचारायचा असतो आणि उत्तर मिळायच्या आत आपण दाराबाहेर पडणार असू, तर तो मागून येणाऱ्याच्या हाती देऊन जायचा असतो. २०१२ मध्ये मत देणाऱ्या मुलांपैकी २०२१ मध्ये त्या वर्गांत कोणी उरले नव्हते. त्यांचा प्रश्न मात्र तिथेच होता.