नाव लिहू नका

आमच्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी एक फॉर्म येतो. वर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, 'हा सर्व्हे पूर्णपणे अनॉनिमस आहे, मोकळेपणाने लिहा.' आणि तो उघडायला आधी एम्प्लॉयी आयडी टाकून लॉगिन करावं लागतं! मग काय, सगळे पटापट 'समाधानी'वर टिचक्या मारतात आणि खाली चहाला जातात. खरं काय ते टपरीवर बाहेर पडतं, दुसऱ्या कटिंगनंतर.

मागच्या खेपेला तो फॉर्म भरताना (म्हणजे टिचक्या मारताना) सहज मनात आलं. नाव लपवायला मिळालं की माणूस खरं बोलतो, असं आपण धरून चालतो. लॉगिनची भानगड काढून टाकली, तर लोक इथे खरं बोलतील का? मला नाही वाटत. मग निनावी गुपित सांगायला नक्की काय लागतं?

फ्रँक वॉरन नावाच्या अमेरिकन माणसाने नोव्हेंबर २००४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अनोळखी लोकांना कोरी पोस्टकार्डं वाटली. अट एवढीच की गुपित खरं हवं आणि आधी कोणालाही सांगितलेलं नको. नाव लिहायचं नाही. कार्डं वाटून संपली, त्यांचं प्रदर्शनही झालं, तरी टपाल काही थांबेना. पुढच्या वर्षांत लाखो कार्डं आली. याला सगळे निनावीपणाची जादू म्हणतात. मला मात्र त्या कार्डाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यावर वॉरनच्या स्वतःच्या घरचा पत्ता छापलेला होता. पाठवणारा निनावी, घेणारा मात्र नावागावासकट.

ही दुसरी बाजू काय किमतीला पडते, हे आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी एका गणिताच्या मास्तरांनी भोगून दाखवलं होतं. ती गोष्ट आज सांगायची आहे.

रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२ चा. आई राधाबाई १८९१ मध्ये बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. मॅट्रिकला पहिला, मग फर्ग्युसन, पुढे पॅरिसला जाऊन गणिताचा अभ्यास. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं क्लिनिक काढलं तेही १९२१ मध्येच, म्हणजे आपण या बाबतीत जगाच्या मागे वगैरे अजिबात नव्हतो. पण संततिनियमनाचा उघड प्रचार करणारा प्राध्यापक कॉलेजला कसा परवडणार? १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. 'ध्यासपर्व' (२००१) हा अमोल पालेकरांचा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना इथपर्यंतचं ठाऊक असेल.

१५ जुलै १९२७ ला कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. संपादक तेच, मुख्य लेखकही तेच. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं, त्यामुळे लोकांच्या लक्षात तेच राहिलं. मला विचाराल तर मासिकाचा खरा जीव होता वाचकांच्या पत्रांत. वाचकांनी आपले अगदी खाजगी प्रश्न लिहून पाठवायचे आणि कर्व्यांनी नाव न छापता त्यांची उत्तरं द्यायची.

कसले प्रश्न असत? हस्तमैथुनाच्या सवयीने आपला नाश झाला असं वाटून झुरणारे तरुण. वीर्यनाशाची भीती. लग्न तोंडावर आलंय आणि कोणाला काही विचारायची सोय नाही. मुलं पुरे झाली, पण आता करायचं काय? पुरुषाला पुरुषाचं आकर्षण वाटतं, हा रोग आहे का? श्रीकांत बोत्रे आणि डग्लस हेन्स या अभ्यासकांनी १९२७ ते १९५३ मधल्या या पत्रव्यवहारावर निबंध लिहिलाय. एक आख्खी पिढी आतल्या आत किती घाबरलेली होती, ते या पत्रांतून कळतं.

घाबरायला कारणही होतं. एकीकडे ब्रह्मचर्याची थोरवी सांगणारी पुस्तकं आणि भाषणं, वीर्याचा थेंबन् थेंब वाचवा म्हणणारी. दुसरीकडे वर्तमानपत्रांत शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती. पहिल्याने भीती घालायची, दुसऱ्याने त्या भीतीवर गोळ्या विकायच्या, असं एकदम टाइट इंटिग्रेशन. (लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'ची स्टिकरं आठवा. धंदा जुनाच आहे.)

कर्व्यांची उत्तरं त्यामानाने फारच कोरडी. वहीच्या समासात मास्तरांनी लाल शाईने शेरा मारावा तशी. हस्तमैथुनाने काही बिघडत नाही, काळजी सोडा. औषधावर पैसे घालवू नका. ना उपदेश, ना 'बाळा, असं करू नये'. घाबरलेल्या माणसाला त्या कोरडेपणाचाच किती आधार वाटला असेल! आपण ज्याला पाप समजून रात्र रात्र जागतो, त्याला समोरचा माणूस सर्दी-पडशासारखं उत्तर देतोय.

आणि हे उत्तर छापून येत होतं. आता विचार करा, बंद पाकिटातून घरी पत्र आलं असतं तर? एकत्र कुटुंब, पाकीट आधी वडिलांच्या नाहीतर काकांच्या हातात जाणार. छापील उत्तराला तो धोका नाही. कुठल्यातरी तालुक्याच्या गावी बसलेला मुलगा अंक उघडतो, आपलं उत्तर शोधतो आणि शोधता शोधता त्याला दुसऱ्याच कोणाचा तरी तोच प्रश्न दिसतो. अरे, म्हणजे आपण एकटे नाही! माझ्या मते उत्तराइतकंच हेही महत्त्वाचं होतं. एकाने विचारायचं आणि शंभरांनी सुटकेचा श्वास टाकायचा. एकमेकांची तोंडंही कधी न पाहिलेल्या लोकांची एक जमात या पानांवर तयार झाली.

पण या सगळ्यात एक नाव उघडं होतं. संपादकाचं.

१९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा पहिला खटला झाला. १०० रुपये दंड. हायकोर्टात अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. कोणीही म्हणेल, झालं तेवढं पुरे, आता जरा जपून. कर्व्यांनी पत्रांना उत्तरं देणं चालूच ठेवलं. फेब्रुवारी १९३४ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी कारण होतं नेमकी हीच, वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरं.

त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा, पुणे करार हे सगळं नुकतंच होऊन गेलेलं. अशा वेळी ज्या माणसाला समाज ओवाळून टाकायला निघालाय त्याचं वकीलपत्र घ्यायचं, तेही अश्लीलतेच्या खटल्यात, म्हणजे साधी गोष्ट नाही. बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं: मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे. त्या विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही. न्यायमूर्ती मेहतांचा प्रश्न होता की असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला आणि त्यांना उत्तरं तरी का द्यायची? त्यावर उत्तर आलं की विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, आणखी कशाने जाणार? समलिंगी संबंधांवर बोलताना बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा दाखला दिला. १९३४ मध्ये, मुंबईच्या कोर्टात! आपल्या सुप्रीम कोर्टाला यातला गुन्हा काढून टाकायला २०१८ साल उजाडावं लागलं.

तरीही खटला हरला. एप्रिल १९३४ मध्ये कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

मी या जागी बराच वेळ अडकलो होतो. ज्या मुलांनी ते प्रश्न विचारले त्यांतला एकही कोर्टात नव्हता. असूही शकत नव्हता, नाव न सांगण्याच्या बोलीवरच त्यांनी लिहिलं होतं. पिंजऱ्यात उभं राहायला नाव लागतं आणि ते एकट्या कर्व्यांकडे होतं. त्या सगळ्यांची लाज एका माणसाच्या नावावर जमा झाली आणि दंड त्याने भरला. निनावीपण फुकट नसतं, त्याचं बिल कोणाच्या तरी नावाने फाटतंच, हे मला तेव्हा कळलं. ऑफिसचा फॉर्म का चालत नाही तेही कळलं. तिथे आपलं नाव लपवतोय असं सांगतात, पण पलीकडे कोण आहे ते कोणीच सांगत नाही.

कर्व्यांना देव करायची गरज नाही. पत्रं लिहिणारे बहुतेक मध्यमवर्गीय, शिकलेले पुरुष होते. बायकांची पत्रं फार थोडी. १९३१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरात जेमतेम तीन बायकांना लिहिता-वाचता येत होतं. आणि येत असलं तरी पत्र लिहून, कोणाला न कळता पेटीत टाकायची मुभा कितीजणींना होती? मुलांमागून मुलं जन्माला घालायचं ओझं ज्यांच्यावर होतं, त्यांच्या मनातलं या पानांवर फारसं आलंच नाही. निनावी व्हायलासुद्धा थोडी सत्ता लागते.

पुढे काय झालं? १९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला आणि पडला. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगातला पहिला. ज्या गोष्टीपायी नोकरी गेली ती सरकारी धोरण झाली. १४ ऑक्टोबर १९५३ ला कर्वे गेले आणि त्यांच्याबरोबर 'समाजस्वास्थ्य'ही संपलं. २६ वर्षं चाललेली सिस्टीम एका माणसावर उभी होती. आमच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. डिझाइन रिव्ह्यूमध्ये मी असल्या गोष्टीवर पहिला आक्षेप घेतो. पण दुसरं कोणी आपलं नाव द्यायला तयार नव्हतं, तर त्यात डिझाइनची काय चूक?

असो. परवा शुक्रवारी ऑफिसचा फॉर्म पुन्हा आला. या वेळी 'समाधानी'वर टिचकी मारली नाही. खालच्या चौकटीत एकच प्रश्न लिहिला, 'हे सगळं वाचतं कोण? त्यांचं नाव कळेल का?'

आणि खाली माझं नाव टाकलं. तसंही त्यांना माहीत होतंच :)