खडकीतली उस्तवार

खडकीला मुळा रोडवर जी युद्धस्मशानभूमी आहे, तिला पुणेकर सरळ 'वॉर सिमेट्री' म्हणतात. खडकी म्हटलं की ५ नोव्हेंबर १८१७ची लढाई आठवते, त्यामुळे इथले मृत त्याच लढाईतले असावेत असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. इथे दुसऱ्या महायुद्धातल्या राष्ट्रकुल सैनिकांच्या १,६६८ कबरी आहेत, आणि त्या खडकीत असण्याचं कारण कुठली लढाई नाही. पश्चिम आणि मध्य भारतात जागोजागी विखुरलेल्या ज्या कबरींची कायमची देखभाल होईलच अशी हमी देता येत नव्हती, त्या एका जागी आणण्यासाठी ही भूमी आखली गेली. सहसा माणसं मरतात आणि मग स्मशान वाढत जातं. इथे आधी हिशेब झाला, मग जागा ठरली, मग मृत आले. म्हणून या जागेची रचना शोकाच्या भाषेत वाचू नये. ती उस्तवारीच्या भाषेत वाचली तरच नीट कळते.

ज्या संस्थेने ही भूमी घडवली, ती १९१७ साली ब्रिटनमध्ये स्थापन झाली. युद्धकबरींचं रूप कसं असावं हे फ्रेडरिक केन्यन यांच्या १९१८च्या अहवालाने ठरलं. सगळ्यांना एकाच मापाचा दगड, हुद्द्यावरून फरक नाही, श्रीमंत घरच्यांनी स्वतःच्या खर्चाने वेगळं थडगं उभारायचं नाही. क्रॉसचा आराखडा रेजिनाल्ड ब्लूमफील्ड यांचा, स्मरणशिला एडविन लुट्येन्स यांची, आणि झाडाफुलांच्या बाबतीत क्यू उद्यानाचे आर्थर हिल सल्लागार. इंग्रजी बागेचा हा सगळा थाट वरवर हळवा वाटतो, पण त्यातला तपशील रोकडा आहे. दगडांच्या पायथ्याशी बुटकी फुलझाडं लावतात, ती नुसती शोभेसाठी नव्हेत. पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटले की चिखल उडून कोरलेल्या नावावर बसतो, आणि ही झाडं तो अडवतात. मुळा-मुठेच्या खोऱ्यातला आषाढ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली अक्कल वेगळी सांगायला नको. बऱ्याच ठिकाणी दगड जमिनीखालच्या काँक्रीटच्या सलग पट्टीत बसवलेले असतात, म्हणजे माती खचली तरी रांग वाकडी होत नाही. कबरींचे उंचवटे ठेवत नाहीत. सगळी जमीन सपाट हिरवळीची केली की गवत कापणं सोपं जातं. थोडक्यात, डोळ्यांना दिसणारी शांतता बरीचशी माळ्याच्या सोयीतून आली आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की ही रचना मुळात समतेसाठी होती आणि देखभालीची सोय हा तिचा आनुषंगिक फायदा. सारखा दगड हा विचार होता यात शंका नाही. त्यासाठी संस्थेने मृतांच्या नातेवाइकांचा रोष पत्करला, आणि १९२० साली ब्रिटिश संसदेत त्यावर खडाजंगी झाली. पण समता हाच पाया असता, तर ती सगळीकडे सारखी लागू व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही. संस्थेच्याच समितीने २०२१ साली मान्य केलं, की पहिल्या महायुद्धातल्या, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या, किमान १,१६,००० मृतांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा त्यांचं स्मरणच झालं नाही. जिथे संस्थेचे माळी आणि पैसा पोचला तिथे दगड सारखे झाले, आणि ज्यांच्यापर्यंत तो पोचवायचाच नाही असं ठरलं त्यांच्या वाट्याला समताही आली नाही. आजही खर्चाची विभागणी सभासद देशांमध्ये मृतांच्या संख्येच्या प्रमाणात होते. ब्रिटन सुमारे ७८ टक्के देतो, भारत एक टक्क्याहून थोडं जास्त.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा. दहन करून अस्थी नदीत सोडणाऱ्या समाजाला जमिनीचा तुकडा पिढ्यानपिढ्या राखण्याची ही धडपड परकी वाटावी, हे साहजिक आहे. पण मराठी इतिहास इतका सरळ नाही. ओंकारेश्वराजवळ चिमाजी अप्पांची समाधी आहे. वानवडीला महादजी शिंदे १७९४ साली वारले, आणि तिथली छत्री शिंदे घराण्याने पुढे विसाव्या शतकातही वाढवली. दहन झालं तरी जागा राखली जात होती, आणि ती राखायला दिवाबत्तीची तजवीज, इनाम, पुजारी लागत. घराणं टिकलं तिथे छत्री टिकली. रायगडावर मात्र राज्य गेलं तशी शिवछत्रपतींच्या समाधीची उस्तवारही गेली. तिची दुरवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांपुढे आली, तेव्हा इंग्रज सरकारने तिच्यासाठी वर्षाला पाच रुपये मंजूर केले. हा आकडा वाचून आजही राग येतो, आणि यावा. १८९५ साली टिळकांनी समाधीच्या जीर्णोद्धाराची मोहीम हाती घेतली, तेव्हा मुद्दा श्रद्धेचा होताच, पण खर्च कुणी आणि किती काळ करायचा हाही होता. स्मारक आपलं असो वा परक्यांचं, हा प्रश्न त्याला सुटत नाही.

कोरा उत्साह किती पुरतो, हे मुंबईच्या शिवडी दफनभूमीवरून कळतं. ती १८६०च्या दशकात पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्डच्या काळात झाली, आणि जागा मुळात कृषी-उद्यान संस्थेच्या बागेची होती. म्हणजे बागेचीच भूमी. तरीही तिथल्या पहिल्या महायुद्धातल्या कबरींची उस्तवार निभेना, आणि जून १९६२मध्ये ६२९ सैनिकांचे अवशेष खडकीला आणून पुन्हा पुरले गेले. त्यांची नावं खडकीच्या १९१४-१९१८ स्मारकावर आहेत. या स्मारकावर एकूण अठराशेहून अधिक नावं आहेत, आणि शिवडीची सोडली तर बाकीचे लोक भारत-पाकिस्तानातल्या छावण्यांच्या आणि गावांच्या दफनभूमीत पडून आहेत, जिथे कबर नीट राखणं शक्य राहिलं नाही. देह हलवता आला नाही तिथे नाव हलवलं. शेजारी आणखी एक लहान स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या लढाईबाहेरच्या भागांत मेलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेच्या १९३ सैनिकांचं ते आहे, आणि हिरवळ पाहायला येणाऱ्यांपैकी फारच थोडे तिथे थांबतात.

ज्या सैनिकांचं दहन झालं, त्यांना या मांडणीत जागाच नव्हती, कारण राखायला कबर नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कामी आलेल्या अविभाजित भारताच्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी दिल्ली आणि कराची इथे जोडस्मारकं आहेत, आणि दिल्लीत त्यांच्या नावांची नोंदवही ठेवली आहे. खडकीच्या रांगांमध्ये त्यांना शोधून उपयोग नाही.