हलक्या पिशवीचं मोल

१९७२ च्या दुष्काळात कित्येक घरं गाव सोडून पुण्यात आली. त्यांतल्या अनेक बायांनी कचरा वेचून लेकरं वाढवली. १९९३ साली कचरावेचकांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावात तिन्ही विकाऊ वस्तू! पुढे २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेनं महापालिकेशी करार केला आणि त्या हक्कानं दारोदार कचरा घेऊ लागल्या.

पण पातळ पिशव्या अजून छळतात. पोतं भरतं, वजन भरत नाही. खरकटं लागलेली पिशवी भंगारवाला घेत नाही.

म्हणून बायांनो, दुधाची पिशवी कापताना कोपरा तोडून टाकू नका. धुवा, वाळवा, वेगळी ठेवा. वेचणारीच्या पदरात चार पैसे जास्त पडतील.