कॉलिन मीड्स

सर कॉलिन अर्ल मीड्स (३ जून १९३६ – २० ऑगस्ट २०१७) हे न्यू झीलंडचे आंतरराष्ट्रीय रग्बी खेळाडू व शेतकरी होते. १९५७ ते १९७१ या काळात त्यांनी न्यू झीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, म्हणजे ऑल ब्लॅक्सकडून, १३३ सामने खेळले. त्यांपैकी ५५ कसोटी सामने होते. ते प्रामुख्याने लॉक या जागेवर खेळत. १९९९ मध्ये न्यू झीलंडच्या रग्बी संघटनेने त्यांची शतकातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली. ‘पाइनट्री’ या टोपणनावाने ते ओळखले जात.

सुरुवातीचे जीवन

मीड्स यांचा जन्म न्यू झीलंडच्या उत्तर बेटावरील वायकाटो प्रदेशात केंब्रिज येथे झाला. त्यांचे बालपण किंग कंट्री भागातील टे कुइटी या गावाजवळच्या शेतावर गेले. हा डोंगराळ भाग मेंढपाळीसाठी प्रसिद्ध आहे. शेतावरील अंगमेहनतीच्या कामांतून त्यांची ताकद व दमसास घडला. १९५५ मध्ये ते किंग कंट्रीच्या प्रांतिक संघात आले. मोठ्या शहरांतील संघांकडे न जाता ते अखेरपर्यंत याच संघाकडून खेळले.

शेती आणि हौशी रग्बी

त्या काळी रग्बी युनियन हा हौशी खेळ होता. खेळाडूंना मानधन घेण्यास मनाई होती आणि ही बंदी १९९५ मध्ये उठली. त्यामुळे आंतरराष्ट्रीय खेळाडूंनाही उपजीविकेसाठी स्वतंत्र व्यवसाय करावा लागे. परदेश दौरे दीर्घ असत. १९६३-६४ चा ब्रिटन, आयर्लंड व फ्रान्सचा दौरा सुमारे चार महिने चालला. एवढा काळ शेतातील जनावरे व कुंपणे यांची देखभाल कुटुंबीयांवर पडे.

त्यांचे धाकटे बंधू स्टॅन मीड्स हेही ऑल ब्लॅक्सचे खेळाडू होते. १९६६ मध्ये ब्रिटिश लायन्सविरुद्धच्या चारही कसोट्यांत दोघे भाऊ लॉकच्या जोडीने खेळले व न्यू झीलंडने ती मालिका ४-० अशी जिंकली. त्याच वर्षी स्टॅन यांनी शेतीकडे लक्ष देण्यासाठी आंतरराष्ट्रीय रग्बी सोडले. कॉलिन मात्र आणखी पाच वर्षे खेळत राहिले.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

मीड्स यांनी १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी पदार्पण केले. १९६५ ते १९६९ दरम्यान न्यू झीलंडने सलग १७ कसोट्या जिंकल्या. त्या संघाचे ते आधारस्तंभ होते.

१९६७ च्या दौऱ्यात संघाने इंग्लंड, वेल्स, फ्रान्स व स्कॉटलंड यांना हरवले. ब्रिटनमध्ये जनावरांत लाळ्या खुरकूत रोगाची साथ पसरल्याने आयर्लंडचा सामना रद्द करावा लागला. याच दौऱ्यात स्कॉटलंडविरुद्ध मरेफील्ड येथे पंच केव्हिन केलहर यांनी मीड्स यांना मैदानाबाहेर काढले. १९२५ मध्ये सिरिल ब्राउनली यांच्यावर झालेल्या कारवाईनंतर कसोटीत अशी शिक्षा झालेले ते दुसरे खेळाडू ठरले. १९६८ मध्ये त्यांनी पाय ओढल्यामुळे ऑस्ट्रेलियाचे केन कॅचपोल जबर जखमी झाले. ती कॅचपोल यांची अखेरची कसोटी ठरली आणि मीड्स यांच्यावर मोठी टीका झाली.

१९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेत ईस्टर्न ट्रान्सवालविरुद्ध त्यांचा हात मोडला. तरीही त्यांनी तो सामना पूर्ण केला. पुढे हाताला संरक्षक आवरण बांधून ते मालिकेतील शेवटच्या दोन कसोट्या खेळले. १९७१ मध्ये लायन्सविरुद्धच्या मालिकेत ते कर्णधार होते. ती मालिका न्यू झीलंडने २-१ अशी गमावली व चौथी कसोटी बरोबरीत सुटली. त्या वर्षाच्या अखेरीस वाहन अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. त्यातून बरे होऊन ते पुन्हा मैदानात उतरले, परंतु कसोटी संघात परतले नाहीत.

कॅव्हेलियर्स दौऱ्याचा वाद

वर्णद्वेषी धोरणामुळे दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध ठेवण्यास जगभर विरोध होता. अशा वेळी १९८६ मध्ये ‘कॅव्हेलियर्स’ नावाचा अनधिकृत न्यू झीलंड संघ तेथे गेला. मीड्स त्याचे प्रशिक्षक होते. त्या वेळी ते राष्ट्रीय निवड समितीचेही सदस्य असल्याने प्रकरण अधिक गंभीर बनले. दौऱ्यावरील खेळाडूंवर दोन कसोट्यांची बंदी आली, तर मीड्स यांना निवड समितीतील स्थान गमवावे लागले. पुढे १९९२ मध्ये ते राष्ट्रीय संघटनेच्या परिषदेवर निवडून आले आणि १९९५ च्या विश्वचषकात ऑल ब्लॅक्सचे व्यवस्थापक होते.

सन्मान व निधन

१९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, तर २००९ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. जून २०१७ मध्ये टे कुइटी येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण त्यांच्याच उपस्थितीत झाले. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे टे कुइटी येथे निधन झाले.