धुराची चटणी : मेक्सिकोपासून शीव कोळीवाड्यापर्यंत

आम्ही शीव कोळीवाड्यातल्या बचत गटाच्या बायका आज ग्वाकामोलेबद्दल बोलणार आहोत. ऑफिसांच्या ऑर्डरी घेताना पापड-लोणच्यांच्या जोडीला हल्ली हा पदार्थ मागतात, आणि वर सांगतात, 'तिखट करा, जरा धुरकट करा.' नाव जिभेवर बसायला वेळ लागतो, पण काम आपल्या हातचं आहे. पिकलेलं अ‍ॅव्होकाडो कुस्करायचं, त्यात मिरची, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, मीठ, लिंबू. भरताचं लांबचं भावंड समजा. आमच्या गटात वाद झाला तो लेबलावरून. 'कोळीवाडा स्टाइल' असं लिहायचं की नाही? लिहिलं तर डबा लवकर खपेल, असं काहींचं म्हणणं. त्या वादापायी आम्ही जो इतिहास धुंडाळला, तो आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी नाव. आजच्या मेक्सिकोत अझ्टेक लोकांची नाहुआत्ल नावाची भाषा होती, आजही तिथं ती बोलणारे लोक आहेत. त्या भाषेत अ‍ॅव्होकाडोला 'आवाकाट्ल' आणि वाटून केलेल्या चटणीला किंवा रश्श्याला 'मोल्ली' म्हणतात. दोन्ही मिळून 'आवाकामोल्ली', त्याचं स्पॅनिश तोंडी झालं ग्वाकामोले. इंग्रजीतलं 'चिली' आणि आपण रोज म्हणतो तो 'टोमॅटो', हे शब्दही त्याच भाषेतले. धुराची गोष्टही तिथलीच. जाड सालीची पिकलेली मिरची उन्हात नीट वाळत नाही, सडते. म्हणून ती धुरावर वाळवत. तिला नाव पडलं चिपोत्ले, म्हणजे सरळ अर्थानं धुराची मिरची. पावसाळ्यासाठी म्हावरं सुकवणाऱ्या कोळणींना हे वेगळं समजावून सांगायला नको. टिकवण्यासाठी केलेली युक्ती पुढे चवीची ओळख होऊन बसते.

स्पॅनिश लोकांनी अझ्टेकांचं राज्य १५२१ मध्ये जिंकलं. त्यानंतर बेर्नार्दिनो दे साआगुन नावाच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूनं तिथल्या जाणत्या माणसांना विचारून, तिथल्याच लेखकांच्या मदतीनं, बारा भागांचा मोठा ग्रंथ तयार केला. १५७७ च्या सुमारास तो पुरा झाला. त्यात बाजाराचं वर्णन आहे आणि चटण्या विकणाऱ्यांचंही आहे. टोमॅटोची चटणी, भोपळ्याच्या बियांची, पिवळ्या मिरचीची, धुरावरच्या मिरचीची. यादी वाचताना आपल्या मसाल्याच्या दुकानासमोर उभं असल्यासारखं वाटतं.

आम्हांला त्याहून जास्त भिडलं ते दुसरं एक पुस्तक, १५४१ च्या सुमारास तिथं चितारलेलं, 'कोडेक्स मेंडोझा' या नावानं ओळखलं जाणारं. त्यात मुलांना कोणत्या वयात काय शिकवायचं, याची चित्रं आहेत. तेरा वर्षांची मुलगी पाट्यापुढे गुडघे टेकून मका वाटते आहे आणि आई समोर बसून शिकवते आहे. मुलीला जेवायला भाकऱ्या किती द्यायच्या, तेही चित्रात दाखवलंय : दोन. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलीचं नाव कुणी लिहिलं नाही. चटणीचं नाव मात्र जगभर झालं.

तिकडच्या चटणीच्या दगडाला मोलकाहेते म्हणतात. तीन पायांचं दगडी भांडं आणि हातात धरायचा दगडी बत्ता. दगड काळा, ज्वालामुखीचा. आपल्या सह्याद्रीचा दगडही ज्वालामुखीचाच, आणि पाटे-वरवंटे त्याचेच व्हायचे. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यावी लागायची, आणि 'पाट्याला टाकीऽ' अशी हाळी गल्लीत आली की म्हाताऱ्या पाटा उचलून दारात आणायच्या. मिक्सर आल्यापासून ती हाळी बंदच झाली. पण ग्वाकामोले मिक्सरला लावू नका, असं आमचं ठाम मत आहे. त्याचं श्रीखंड होतं.

आता मिरची आपल्याकडे आली कशी, ते पाहू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ साधारण ११२९ चा. त्यात खाण्यापिण्यावर मोठा भाग आहे. निखाऱ्यावर भाजलेलं मांस आहे, हिंग आहे, आलं आहे, मिरे आहेत. मिरची नाही, कारण ती तेव्हा फक्त समुद्रापलीकडे होती. म्हणजे भाजणं आणि धूर आपला जुना, तिखट मात्र मिऱ्याचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मिरची गोव्यात आणली. मुंबईची बेटंही १५३४ पासून पोर्तुगीजांकडेच होती. आपल्या लोकांनी नव्या फळाला जुन्या मिऱ्याचंच नाव दिलं, मिरे-मिरची. मिरे महाग, आणि ते सगळीकडे उगवतही नाही. मिरची परसात, डब्यात, कुठंही येते आणि काही महिन्यांत फळते. गरिबाच्या भाकरीला तिखट मिळालं ते असं.

मग त्याच जहाजांतून अ‍ॅव्होकाडो का नाही आलं? आम्हांला वाटलं होतं, आवडलं नसेल. खरं कारण बियांत आहे. मिरचीचं बी वाळवून पुडीत बांधलं तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतं. अ‍ॅव्होकाडोची बी वाळली की मेली, आणि रुजली तरी बियांपासूनच्या झाडाला फळ धरायला कितीतरी वर्षं लागतात. त्यामुळे भारतात हे फळ आलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, श्रीलंकेमार्गे. कूर्ग, निलगिरी, केरळच्या डोंगरांत ते रुजलं, बाजारात 'बटर फ्रूट' झालं. मिरचीनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी.

या फळाची एक गोष्ट बचत गटांनी लक्षात ठेवावी अशी आहे. आज जगात सगळ्यात जास्त विकलं जाणारं अ‍ॅव्होकाडो म्हणजे 'हास' जातीचं, काळ्या खडबडीत सालीचं. रुडॉल्फ हास हा कॅलिफोर्नियातला पोस्टमन. त्याच्या बागेत बियांपासून एक वेगळंच झाड आलं. त्यानं १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण बागायतदारांनी एकेक रोप विकत घेतलं आणि त्याच्यावरून हवी तेवढी कलमं करून घेतली. हासच्या हाती फारसे पैसे लागलेच नाहीत, पोस्टाची नोकरी त्याला चालू ठेवावी लागली. फळावर नाव त्याचं, गल्ला दुसऱ्यांचा.

आमच्या वाड्याचंही थोडं तसंच आहे. शीव म्हणजे वेस. मुंबई बेट इथं संपायचं आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. वेशीवरच्या या गावात कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. फाळणीनंतर इथल्या छावणीत पंजाबातून आलेली निर्वासित कुटुंबं वसली. त्यांच्यातल्या खानावळवाल्यांनी इथली कोळंबी घेतली, बेसन, ओवा, लाल तिखट लावून तळली, आणि 'प्रॉन्स कोळीवाडा' देशभरच्या मेनूकार्डावर जाऊन बसली. सर्वस्व हरवून आलेल्या माणसांनी त्यावर संसार उभे केले, त्याचं आम्हांला वाईट वाटत नाही. पण परगावचा माणूस जेव्हा ती कोळणींची पाककृती समजतो, तेव्हा आमच्यातल्या आजीबाई कपाळाला हात लावतात. कोळणीच्या घरी कोळंबीला बेसन कशाला? गंमत अशी की हार्बर लाइनवरच्या स्टेशनाचं नावही पूर्वी कोळीवाडा होतं, आता ते गुरू तेगबहादूर नगर आहे. पाटीवरून गेलेलं नाव मेनूकार्डावर उरलंय.

आमच्यातल्या कोळी मैत्रिणींचं म्हणणं पडलं, 'धुराचं तिखट हवं ना, मग आमची सुक्या बोंबलाची चटणी घ्या.' बोंबील निखाऱ्यावर कुरकुरीत भाजायचे, पाट्यावर लसूण आणि भाजलेल्या मिरचीबरोबर ठेचायचे, वरून कोकम. धूर आहे, तिखट आहे, आणि ती खरोखर इथली आहे. तेव्हा गटात ठरलं असं : 'कोळीवाडा' हे नाव त्या चटणीच्या बाटलीवर. ती त्याच करणार आणि भावही त्याच ठरवणार. ग्वाकामोलेच्या डब्यावर 'धुरकट तिखट ग्वाकामोले', खाली गटाचं नाव आणि करणाऱ्या बायकांची नावं. काहींना हे अजून पटलेलं नाही, खप कमी होईल म्हणतात. दिवाळीपर्यंतचा हिशेब पाहून पुन्हा बसायचं आहे.

घरी करणाऱ्यांसाठी कृती. दोन अ‍ॅव्होकाडो देठाजवळ किंचित दबतील इतपत पिकलेली घ्या. कच्ची असतील तर केळ्याबरोबर कागदात गुंडाळून ठेवा. एक टोमॅटो, अर्धा कांदा, दोन हिरव्या मिरच्या, तीन लसूणपाकळ्या जाळीवर काळे डाग पडेपर्यंत भाजा. मिरच्या, लसूण आणि मीठ पाट्यावर ठेचा. कांदा-टोमॅटो बारीक चिरा. अ‍ॅव्होकाडो आचेवर धरू नका, कडवट होतं. गर चमच्यानं काढून, कुस्करून, सगळं एकत्र करा, एका लिंबाचा रस आणि कोथिंबीर घाला. मग मधोमध वाटी ठेवून त्यात लालबुंद कोळसा, वर तेलाचा थेंब, आणि लगेच झाकण. दोन मिनिटं पुरेत, जास्त ठेवलं तर राखेची चव येते. बी मध्ये ठेवली की हिरवा रंग टिकतो म्हणतात, पण बीखालचा भाग सोडून बाकीचं काळवंडतंच. हवा लागू नये म्हणून कागद थेट वरच दाबून बसवा. आणि ऑर्डर घेताना आगाऊ पैसे घ्या, कारण फळ महाग आहे आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी विकता येत नाही.