परिचर्या-प्रशासनाचा ऐतिहासिक मागोवा : मुंबई ते बिडकीन

प्रस्तावना
रुग्णालयांच्या इतिहासात डॉक्टर, देणगीदार आणि इमारती यांची नोंद होते. कोणत्या पाळीवर कोणाला नेमावयाचे हे ठरविणाऱ्या अधिसेविकेची नोंद क्वचितच आढळते. वस्तुतः रुग्णसेवेचा दर्जा बऱ्याच अंशी तिच्या नेतृत्वावर अवलंबून असतो. या पदाची जबाबदारी वाढत गेली, परंतु मनुष्यबळावरील अधिकार त्या प्रमाणात वाढला नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. तेथे डॉ. एडिथ पेची यांनी परिचारिकांच्या प्रशिक्षणाचा उपक्रम हाती घेतला. पुढे १९०५ मध्ये लखनौ येथे अधिसेविकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची. म्हणजेच या देशात परिचारिकांच्या आधी त्यांच्या प्रशासक संघटित झाल्या. मात्र हे आरंभीचे नेतृत्व युरोपीय स्त्रियांकडे होते. १९२२ मध्ये दोन्ही संघटना एकत्र आल्या.

भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. समितीने ५०० लोकसंख्येमागे एक हे दूरचे उद्दिष्ट सुचविले. संख्येचा प्रश्न एवढा बिकट असताना पर्यवेक्षणाचा प्रश्न मागे पडणे स्वाभाविक होते. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने शिक्षणाला एकसूत्रता दिली. तथापि सेवेतील अधिकारांचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

ग्रामीण सेवेतील पर्यवेक्षण
मराठवाडा १९४८ पर्यंत निजाम राजवटीत होता. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्याकडे गेली; ग्रामीण रुग्णालये मात्र राज्य शासनाच्या आरोग्य विभागाकडे राहिली. परिणामी एकाच परिसरातील आरोग्य सेविका आणि अधिपरिचारिका दोन वेगळ्या प्रशासनांच्या अधीन आहेत. पैठण रस्त्यावरील बिडकीन व त्याच्या भोवतीची गावेही याच रचनेत येतात.

१९७३ च्या कर्तारसिंग समितीने चार आरोग्य सेविकांमागे एक पर्यवेक्षिका सुचविली होती. पुढे सहा उपकेंद्रांच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी एकच आरोग्य सहायिका हे प्रमाण रूढ झाले. प्रवास, अहवाल आणि मोहिमा सांभाळून सहा ठिकाणी प्रत्यक्ष मार्गदर्शन करणे तिला कितपत शक्य आहे, हा प्रश्न उरतोच.

पाळ्यांचे गणित
३० खाटांच्या सामूहिक आरोग्य केंद्रासाठीच्या जुन्या राष्ट्रीय मानकात सात परिचारिका होत्या. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालय साधारणतः याच स्तरावरील संस्था होय. साप्ताहिक सुट्टी वगळता सात जणींच्या आठवड्यात ४२ पाळ्या भरतात. दिवसाच्या तीन पाळ्यांप्रमाणे आठवड्यात २१ पाळ्या होतात. प्रत्येक पाळीत दोघी नेमल्या की ४२ संपतात. एखादी प्रसूती रजेवर गेली, प्रशिक्षणास गेली अथवा आजारी पडली, की कुठल्या तरी पाळीत एकटीच उरते. प्रसूतिकक्ष आणि आंतररुग्ण विभाग तिने एकाच वेळी कसे पाहावेत? अशा वेळी वेळापत्रक आखणाऱ्या परिसेविकेपुढे दोनच मार्ग राहतात : कोणाची तरी सुट्टी रद्द करणे किंवा स्वतः पाळी करणे. दोन्हींतून रोष अथवा थकवा निर्माण होतो. पदनिर्मिती व भरती मात्र शासनस्तरावर ठरते आणि रुग्णालयाचे प्रमुख वैद्यकीय अधीक्षक असतात. कर्मचाऱ्यांची नाराजी जिच्या वाट्याला येते, तिच्या हाती तिचे निवारण नसते.

समारोप
सप्टेंबर २०२४ मध्ये बिडकीन औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण झाले. त्याचा विस्तार ७,८५५ एकर आहे. कामगारवस्ती वाढेल तसा अपघात, प्रसूती व संसर्गजन्य आजार यांचा भार वाढणे अपरिहार्य आहे. केवळ खाटा वाढवून तो पेलता येणार नाही. रजेसाठी राखीव पदे, पर्यवेक्षणासाठी स्वतंत्र वेळ आणि पदनिश्चितीच्या चर्चेत परिसेविकेचे मत या किमान गोष्टी होत. सव्वाशे वर्षांत पदनामे बदलली. अधिकारांची वाटणी बदलणे अद्याप बाकी आहे.