बाज, सरकती भिंत आणि हलणारं टेबल

आपोआप आकार बदलणाऱ्या फर्निचरचा इतिहास मुक्ताईनगरात कशाला सांगायचा, असं कुणाला वाटेल. आम्ही तर म्हणतो, तो आपल्या बाजेपासूनच सुरू करावा.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. दिवसा बाज भिंतीला टेकून उभी, त्या जागेत पंगत बसायची. रात्री तीच अंगणात. दुपारी तिच्यावर धोतर अंथरून कुरडया वाळायच्या. उभी करून वर गोधडी टाकली की झाला आडोसा. बाळंतीण असेल तर बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. विणीतून शेक थेट पाठीला लागतो, फळ्यांच्या पलंगातून तो लागत नाही. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला न्यायलाही तीच, चार खांद्यांवर. दोरी सैल पडली की पायाकडून ओढून ताणायची. एवढी कामं करणारी दुसरी वस्तू घरात दाखवा!

युरोपातलं सामान जड, आणि प्रत्येक खोलीचं काम ठरलेलं. तिथे हलवाव्या लागल्या त्या भिंतीच. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला १९२४ साली ट्रूस श्र्योडर या विधवा बाईंनी खेरिट रीटफेल्ड यांच्यासह स्वतःचं घर आखलं. वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती. दिवसा एकच दालन, रात्री त्यांच्या आणि मुलांच्या निरनिराळ्या खोल्या. १९८५ साली वारल्या, तोवर बाई त्याच घरात राहिल्या.

आता मोटर आली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या हिरोशी इशी यांच्या गटाने २०१४ साली मिलानमध्ये ‘ट्रान्सफॉर्म’ नावाचं टेबल मांडलं. त्यात हजाराहून जास्त छोट्या दांड्या, मोटरने वर-खाली होणाऱ्या. सेन्सर माणसाची हालचाल टिपतो आणि टेबलाचा पृष्ठभाग लाटेसारखा उठतो. लोक म्हणतात, घर आता प्रतिसाद द्यायला लागलं.

आमचा आयुष्यभराचा धंदा तत्त्वज्ञानाचा, त्यामुळे अशा वाक्यातला कर्ता आम्ही आधी शोधतो. बाजेचं घर काय आपोआप बदलत होतं? पहाटे बाजा कोण उचलायचं? अंथरुणं कोण काढायचं, शेगडी कोण सरकवायचं? घरातल्या बायका! ‘घर आवरलं गेलं’ असं आपण म्हणायचो आणि कर्मणी प्रयोगात आवरणारी नाहीशी व्हायची. प्रतिसाद तेव्हाही मिळतच होता, फक्त तो देणारीचं नाव कुणी घेत नव्हतं. म्हणून जुन्याचे गोडवे गाऊन मोटरला नावं ठेवणं आम्हाला पटत नाही. दुखऱ्या कंबरेच्या बाईचं ओझं उचलणारी मोटर आम्हाला हवीच आहे. (सत्तरी ओलांडल्यावर तर पलंगाची उशाकडची बाजू कळ दाबून वर यावी, असं आम्हालाही वाटतं.)

पण कधी बदलायचं हे ठरवणार कोण? श्र्योडरबाई भिंत स्वतःच्या मनाने सरकवत. सेन्सर मात्र हालचाल पाहतो, मन नव्हे; म्हातारा नुसता कुशीवर वळला, तर त्याला उठायचंय असं समजून पलंगाने उभं राहावं का? आणि वैशाखात रात्री दोनला लाईट गेली, पलंग अर्ध्यावर अडकला, तर? आम्ही तरुण डिझायनरांना एवढंच मागू की त्याला हाताने फिरवायचा एक दांडा ठेवा, आणि तो घरातल्या सगळ्यात अशक्त माणसालाही फिरवता आला पाहिजे.